जमिनीच्या धगीवर भाजलेली कोंबडी

गॅस नाही, कोळसा नाही, शेगडीला वीजही नाही. तरी जाळीवरची कोंबडी मस्त खरपूस भाजली जातेय! हा चमत्कार बघायचा तर लांझारोते बेटावर जायला हवं. बेट स्पेनचं, पण नकाशात शोधाल तर सापडेल आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात.

तिथल्या तिमानफाया राष्ट्रीय उद्यानात एका विहिरीसारख्या खड्ड्यावर लोखंडी जाळी ठेवलीय. खालून नुसती धग येते. उपाहारगृहाचा स्वयंपाक त्याच धगीवर! (उद्यान म्हटलं म्हणून झाडं आणि झोपाळे शोधू नका हं. सगळीकडे काळी-तांबडी राख आणि थिजलेला लाव्हा.) तिथले कर्मचारी जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततात. एक, दोन, तीन... भुस्स! पाण्याची वाफ होऊन उंच फवारा उडतो आणि पाहुणे किंचाळत मागे पळतात. सुकी काटेरी झुडपं खड्ड्यात टाकली, की काडी न ओढताच पेटतात. का नाही पेटणार? अवघ्या १३ मीटर खोलीवर तापमान आहे सुमारे ६०० अंश सेल्सिअस!

ही आग आली कुठून? १ सप्टेंबर १७३० च्या रात्री इथली जमीन फाटली आणि लाव्हा उसळला. तो उद्रेक थांबत-सुरू होत सहा वर्षं चालला. गावं गाडली गेली, बेटाचा जवळजवळ चौथा भाग लाव्हाखाली गेला. त्यानंतर १८२४ मध्ये आणखी एक छोटा उद्रेक झाला, तेवढाच. पण खडक उष्णता सोडतो फार सावकाश, त्यामुळे पोटातली आग अजून निवलेली नाही.

मला मात्र कोंबडीपेक्षा तिथले शेतकरी भारी वाटतात. शेतं राखेखाली गेली, पाऊस तर नावालाच पडतो. मग त्यांनी राखेत माणूस बुडेल एवढे खोल खड्डे खणले, खालची जुनी माती गाठली आणि प्रत्येक खड्ड्यात द्राक्षाचा एकेक वेल लावला. वाऱ्याने वेल झोडपला जाऊ नये म्हणून कडेला दगडांची अर्धगोल भिंत रचली. राखेचे काळे खडे सच्छिद्र असतात. रात्रीचं दव ते टिपून घेतात आणि दिवसा मातीतला ओलावा उडू देत नाहीत. म्हणजे ज्या राखेनं शेतं बुडवली, तीच आता वेलींचं पाणी राखते!

आता एक काम तुमच्यासाठी. आपला सह्याद्रीही लाव्हाच्याच थरांचा बनलाय, फक्त तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंडगार झालेला. पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा काळा कातळ जवळून बघा. काही ठिकाणी त्याला घावनासारखी जाळी पडलेली दिसेल. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती भोकं आहेत.