तिसरा क्रमांक, पण कशात?

हिंजवडीत पीएचडी करणारी माणसं आपल्याला वाटतं त्याहून बरीच जास्त आहेत. कुणी दिवसभर आयटी पार्कच्या फेज टूमध्ये कोड लिहून रात्री थीसिस पुढे ढकलतं, तर कुणी आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतं आणि प्रमोशनसाठी पेपर जमवतं. त्यामुळे 'पेपर' या विषयावर इथे प्रत्येकाचं ठाम मत असतं. त्यातली निम्मी मतं ऐकीव असतात.

सगळ्यात लाडकं मत म्हणजे 'शोधनिबंधांत भारत जगात तिसरा, म्हणजे विज्ञानात तिसरा'. पहिला भाग खरा आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या मोजणीनुसार २०२२ साली विज्ञान आणि अभियांत्रिकीतले चीनचे निबंध सुमारे ९ लाख, अमेरिकेचे साडेचार लाखांवर आणि भारताचे २ लाखांच्या थोडे पुढे होते. जर्मनी, ब्रिटन, जपान आपल्या मागे राहिले. पण जर्मनीची लोकसंख्या साडेआठ कोटींच्या आत आहे आणि तरी तिचे निबंध लाखाच्या वर आहेत. संशोधनावर आपला खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, तर दक्षिण कोरियाचा पाच टक्क्यांच्या आसपास. शिवाय या मोजणीत कॉन्फरन्समधले पेपरही धरलेले असतात. इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या कॉन्फरन्सचा सुकाळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना यावर जास्त सांगायला नको.

खरी गंमत मोजायच्या पद्धतीत आहे. एका निबंधाचे लेखक चार देशांतले असतील, तर प्रत्येक देशाच्या खात्यात त्याच्या वाट्यापुरताच अपूर्णांक पडतो. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या शोधाचा फेब्रुवारी २०१६ मधला निबंध घ्या. लेखक हजाराच्या घरात, त्यात भारतीय संस्थांतले तीसहून थोडे अधिक. म्हणजे विसाव्या शतकाने वाट पाहिलेल्या त्या शोधापायी भारताच्या खात्यात एका निबंधाचे जेमतेम काही शतांश आले. कुठल्याशा कॉन्फरन्सच्या खंडात छापलेला, कुणीही न वाचलेला चारपानी पेपर मात्र पुरता एक धरला जातो. अशा शोधामागचं पुण्यातलं सर्वांत मोलाचं काम या क्रमवारीत जवळजवळ दिसतच नाही, आणि तरी आपण क्रमवारी मिरवतो.

यावर लगेच दुसरं मत पुढे येतं. 'हजार लेखकांत आपली माणसं म्हणजे हमाल. डोकं त्यांचं, नाव यादीत शेवटी आपलं.' हे पुण्यात बसून बोलणं जरा जास्तच आहे. गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये एक निबंध लिहिला. लेखक दोनच, दोघंही तेव्हा पुण्यात. प्रश्न असा होता : दोन तारे एकमेकांभोवती फिरत धडकतात तेव्हा उठणारा संकेत शोधकाच्या गोंगाटात पार बुडालेला असतो, मग तो ओळखायचा कसा? उपाय म्हणजे अपेक्षित लहरींचे नमुने आधीच गणिताने तयार ठेवायचे आणि एकेक नमुना त्या गोंगाटाशी ताडून बघायचा. पण नमुने किती घ्यायचे आणि किती अंतराने? विरळ ठेवले तर लहर निसटते, दाट ठेवले तर संगणक हात टेकतो. पुण्यातलं काम नेमकं या हिशेबाचं होतं. तेव्हा या लहरी टिपणारी अमेरिकेतल्या लायगोची यंत्रं उभीही राहिलेली नव्हती. पुढे धडकणारे तारे आणि कृष्णविवरं शोधताना याच वाटेवरच्या पद्धती जगभर वापरल्या गेल्या.

दुसरं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचं. तिथली जीएमआरटी दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २९ जून २०२३ रोजी जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी सांगितलं, की अतिशय मंद, वर्षानुवर्षं हेलकावणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा दिसत आहेत. त्यात युरोपीय गटासोबत भारत आणि जपानच्या खगोलशास्त्रज्ञांचा गट होता. या कामात पल्सार ताऱ्यांचे ठोके घड्याळासारखे मोजतात. पण वाटेत ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतले इलेक्ट्रॉन रेडिओलहरींना उशीर करतात, आणि वारंवारता जितकी कमी तितका उशीर जास्त. तो उशीर नेमका वजा केला नाही तर सगळं गणित कोसळतं. जीएमआरटी कमी वारंवारतेवरच उत्तम ऐकते, म्हणून उशिराचं माप तिथे बारकाईने घेता येतं. याला हमाली म्हणायचं असेल तर म्हणा. आणि हो, 'आपली दुर्बीण परदेशी लोक वापरतात' ही तक्रारही उलटीच आहे : तिचा वेळ जगातल्या कुणालाही मागता येतो आणि तो प्रस्तावाच्या गुणवत्तेवर मिळतो. म्हणून तर जग खोडदला ओळखतं.

'आयटी पार्कचा यात काय संबंध?' असंही विचारतात. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या महाकाय दुर्बिणीच्या नियंत्रण प्रणालीचा आराखडा जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्यातल्या एनसीआरए या संस्थेच्या नेतृत्वाखाली झाला. त्यात टीसीएस आणि पर्सिस्टंट सहभागी होत्या. दोघींची कार्यालयं हिंजवडीत आहेत. भारत सरकारने या प्रकल्पासाठी सुमारे १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत.

आता कॉलेजांच्या स्टाफरूममधली मतं. 'यूजीसीच्या यादीत जर्नल आहे, म्हणजे बिनधास्त' हे वर्षानुवर्षं चाललं. २०१८ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनीच त्या यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स नमुन्यादाखल तपासली. त्यांतली ८८ टक्के सुमार किंवा संशयास्पद निघाली. त्याच वर्षी यूजीसीने ४,३०५ नावं काढून टाकली, मग 'केअर' नावाची नवी यादी आली आणि तिचा कारभार पुणे विद्यापीठाकडेच आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता पारख ज्याची त्याने करायची आहे. 'सात दिवसांत छापून मिळेल' अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर आली, की पारख तिथेच झाली असं मी धरतो. परीक्षकाला निबंध नीट वाचायलाच कित्येकदा महिने लागतात.

पण 'पैसे मागितले म्हणजे बोगस' हेही खरं नाही. नेचरने २०२१ मध्ये खुल्या प्रकाशनासाठी लेखकाकडून ९,५०० युरो घ्यायला सुरुवात केली. महाग आहे, अवाजवी वाटावं इतकं महाग, पण बोगस नाही. उलट नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न, 'पेपर छापला, किती मिळाले?' त्याचं उत्तर शून्य. लेखकाला मानधन नसतं, परीक्षकालाही सहसा नसतं.

पीएचडीला पेपर सक्तीचा, हा यूजीसीचा नियम २०२२ मध्येच गेला. विद्यापीठाने स्वतः ठेवला असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटचा गैरसमज ताजा आहे : 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, आता सगळी जर्नल्स सगळ्यांना खुली.' ही ६,००० कोटींची योजना २०२५ पासून सुरू झाली आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं तिच्यात आहेत. पण सुरुवातीला ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांपुरती ठेवलेली आहे. हिंजवडी-मारुंजीच्या खासगी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही. त्याने आधी 'अर्काइव्ह' या मोफत संग्रहात बघावं, कारण भौतिकशास्त्र, खगोलशास्त्र आणि संगणकशास्त्रातलं बरंचसं लिखाण छापण्याआधीच तिथे येऊन पडतं. तिथे नसेल तर निबंधाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहाराच्या लेखकाचा ईमेल छापलेला असतो. दोन ओळी लिहून प्रत मागावी. बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात, कारण आपलं काम कुणीतरी वाचायला मागतंय हे त्यांच्याही वाट्याला क्वचितच येतं.