बाळाच्या टाचेतून रक्त का घेतात? सुट्टी घेण्याआधी हे वाचा

अहिल्यानगर : बाळ गुटगुटीत आहे, दूध पितंय, मग टाच टोचायची कशाला? कारण काही जन्मजात आजार पहिल्या दिवसांत वरून दिसतच नाहीत.

थायरॉईडची कमतरता हा त्यातला मुख्य. देशात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला ती असते. असं बाळ कमी रडतं, जास्त झोपतं. घरचे त्याला 'गुणी' म्हणतात. तोवर मेंदूची वाढ मागे पडत असते. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर मूल चारचौघांसारखं वाढतं. गोळी स्वस्त आहे, गेलेला वेळ परत येत नाही.

जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत टाचेचे थेंब खास कागदावर वाळवून तपासतात. विस्तारित तपासणीत त्याच थेंबांतून अनेक दुर्मिळ आजार कळतात. गोव्याने ती २००८ मध्ये सुरू केली होती. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात नवजात बाळाचे दिसणारे दोष तपासतात. पण रक्तातला दोष नुसतं पाहून कळत नाही.

म्हणून दवाखान्यातून निघण्याआधी या तपासणीचं विचारा. नात्यातलं लग्न असेल, आधीचं बाळ कारण न कळता दगावलं असेल, तर डॉक्टरांना सांगाच. बाळंतीण माहेरी किंवा ऊसतोडीला जाणार असेल, तर चालू मोबाईल नंबर द्या. रिपोर्ट संशयित आला म्हणजे आजार पक्का नव्हे; दुसरी तपासणी लगेच करा. कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, तर आशाताईंना कळवून बाळ डॉक्टरांना दाखवा.