पाऊण तासाची कारकीर्द

शर्यतीचा घोडा बघायचा तर रविवारी दुपारी बघू नये. तेव्हा तो दिसतच नाही. दिसतात जॉकींचे रंगीत सदरे, दुर्बिणी आणि हरलेली तिकिटं फाडणारी माणसं. घोडा बघावा पहाटे. अंधेरीहून धीमी लोकल धरायची, कारण फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही, आणि उजाडायच्या आत रेसकोर्सवर पोचायचं. आतल्या बाजूला फेऱ्या मारणारे आजी-आजोबा असतात, त्यांच्या पलीकडे वाळूच्या पट्ट्यावर घोडे. शर्यत हिरवळीवर होते, पण रोजची मेहनत वाळूवर. अंधारात घोडा आधी ऐकू येतो. प्रत्येक झेपेला नाकपुड्यांतून एक श्वास सुटतो, फर्र, फर्र. तोंडाने श्वास घेणं घोड्याला जमतच नाही, आणि चौखूर सुटल्यावर त्याचा श्वास झेपेलाच बांधलेला असतो. उभा असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं काळीज इथे दोनशेच्या वर जातं.

ओळखीने एका तबेल्यात शिरायला मिळालं. तिथले सईस काका साताऱ्याकडचे. "ताई, मागून नका येऊ, डाव्या अंगाने या," हे त्यांचं पहिलं वाक्य. काम करून आलेल्या घोड्याला ते आधी घाम सुकेपर्यंत हाताने फिरवत. मग पाणी, मग खरारा. खरारा झाला की काका उकिडवे बसत आणि पुढचा पाय गुडघ्याखाली, मागच्या बाजूने, अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू खुरापर्यंत उतरत. नजर भलतीकडेच, दारातून बाहेर. मग दुसरा पाय. मग पुन्हा पहिला.

"काय बघता?"

"गरमी."

घोड्याच्या पायाला गुडघ्याखाली मांस नाहीच. नळीचं हाड, त्यामागे कंडरा, वर कातडी, बस्स. भरधाव पळताना एक क्षण असा येतो की साडेचारशे-पाचशे किलोचं अंग पुढच्या एकाच पायावर असतं. त्या ताणाने कंडरेतले चार तंतू जरी तुटले तरी तेवढी जागा किंचित गरम लागते. सूज नंतर येते, लंगडणं त्याहून नंतर. म्हणून रोज हात फिरवायचा. मी हात लावला तर मला दोन्ही पाय सारखेच लागले. काका म्हणाले, डावा. डॉक्टरांना निरोप गेला, पायावर थंड पाण्याची नळी सुरू झाली, मग मातीचा लेप, मग पट्टी. घोडा दरम्यान लसूणघास खात होता, त्याला या सगळ्याचं काहीच नव्हतं. ही जखम भरून येते, पण कंडरा पहिल्यासारखी लवचीक होत नाही, आणि बाजूने पाहिलं तर नळीमागची सरळ रेघ कायमची धनुष्यासारखी फुगलेली राहते.

आपल्याकडे शर्यतीच्या प्रत्येक शिंगराचा वाढदिवस 1 जानेवारीला धरतात, ते खरं कधीही जन्मलेलं असो. दोन वर्षांचं झालं की ते पळायला लागतं. हिवाळ्यात मुंबई, पावसाळ्यात पुणे, अशी त्याची वर्षाची ये-जा. इंडियन डर्बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, चार वर्षांच्या घोड्यांसाठी, 2400 मीटर. ती अडीच मिनिटांत आटोपते. बाकीच्या शर्यती बहुतेक याहून आखूड. डर्बी लाभते मोजक्यांना. इतरांना पाच वर्गांपैकी कुठल्यातरी वर्गात टाकून, बऱ्याला जास्त आणि कमकुवताला कमी वजन देऊन पळवतात. एखादा घोडा सगळे मिळून तीस वेळा पळाला, दर खेपेला दीड मिनिट, तर कारकीर्द झाली पाऊण तासाची. सहा-सात वर्षांचा झाला की बहुतेकांचं संपतं. आणि नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो.

मला कुतूहल आहे ते या उरलेल्या काळाचं, कारण शर्यतीवर लिहिणारे तो सोडून देतात.

थोडक्यांचं म्हातारपण सोन्याचं असतं. 1970 च्या दशकातला स्क्वाँडरर 19 शर्यतींपैकी 18 जिंकला. असा घोडा वळू म्हणून स्टडवर जातो. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांचंच बघा. 1943 साली पहिली इंडियन डर्बी त्यांच्या प्रिन्सेस ब्यूटीफुल या घोडीने जिंकली. पुढे इंग्लंडात त्यांनी 28,000 गिनी मोजून एक शिंगरू घेतलं, त्याला सयाजीराव नाव ठेवलं, आणि त्या सयाजीरावाने 1947 ची सेंट लेजर मारली. अशांचं रक्त विकलं जातं. शर्यतीच्या घोड्यांत कृत्रिम रेतन चालत नाही, त्यामुळे घोडीला वळूपाशी न्यावंच लागतं. पण एकच वळू डझनावारी माद्यांना पुरतो, म्हणजे बाकीच्या नरांची तिथे गरज नसते. माद्यांचं तसं नाही, मध्यम कामगिरीची घोडीही वीण काढायला ठेवतात. नर असेल आणि सामान्य असेल तर स्टडचं दार बंद.

मग तो जातो कुठे? नशीब बरं असेल तर रायडिंग क्लबात. महालक्ष्मीलाच 1942 पासून अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. तिथे जे शिकवतात ते पाहण्यासारखं असतं, कारण ते मुळात विसरायला शिकवणं आहे. शर्यतीच्या घोड्याला लगामावरचा ताण म्हणजे आधार वाटतो. तुम्ही थांबवायला म्हणून ओढता आणि तो त्यावर रेलून आणखी सुटतो. जॉकीला चालत्या घोड्यावर पाय उचलून चढवून देतात, म्हणून रिकिबीत पाय ठेवून कुणी सावकाश चढेपर्यंत उभं राहायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. पोटाला टाच लागली तर दचकतो. सगळं पहिल्यापासून. थोडेसे घोडे यातून पोलोचे होतात, उड्या मारायला शिकतात. बरेच शाळकरी मुलांना पाठीवर घेऊन गोल फिरतात.

दुसरी वाट परळची. पूनावालांचा पुण्याचा स्टड 1946 चा. तिथले थकलेले घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण धनुर्वात, सर्पदंश यांवरची औषधं घोड्याच्या रक्तातून काढत. घोडे आपले, मग सीरमही आपणच का करू नये, या विचारातून 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हे आता सर्वांना माहीत आहे. काम कसं चालतं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष अगदी सूक्ष्म प्रमाणात, महिनोन् महिने वाढवत टोचायचं. घोडा मोठा, रक्त भरपूर, तो त्यावर तोड तयार करतो. मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, त्यातला पिवळसर द्रव ठेवून तांबड्या पेशी परत त्याच्याच अंगात सोडायच्या. या घोड्यांत सगळेच शर्यतीतले नसतात, तट्टं आणि खेचरंही असतात. तालुक्याच्या दवाखान्यात फुरसं चावलेल्या माणसाला सलाइनमधून जे दिलं जातं ते याच रक्तातलं. घोड्याला यात सुख नाही, उगाच हौतात्म्याचं रूप देऊ नये. टोचल्या जागी गाठी येतात, वारंवार रक्त दिल्याने घोडे खंगतात. त्यांना कसं ठेवलं आहे, यावर सगळं अवलंबून.

तिसरी वाट माझ्या घराकडे येते. जुहूच्या चौपाटीवर संध्याकाळी मुलांना फेरी मारून आणणारे घोडे असतात. बहुतेक तट्टं, ठेंगणी, रुंद छातीची. त्यात एक उंच, अरुंद छातीचा, पातळ कातडीचा कुमैत दिसला. गळ्यात गोंडे, कपाळावर आरसे लावलेली पट्टी. मी बाजूला जाऊन पुढचा डावा पाय पाहिला. नळीमागे फुगवटा होता, जुना, घट्ट झालेला.

"रेस का घोडा है," घोडेवाला आपणहूनच म्हणाला, किंचित अभिमानाने. त्याने तो दुसऱ्याकडून घेतला होता, त्या दुसऱ्याने तिसऱ्याकडून. रेसमधलं नाव त्याला ठाऊक नव्हतं. इथे तो बादल. भेळेच्या गाड्यांपासून दिव्याच्या खांबापर्यंत जाऊन परत यायचं. परतताना वाळू ओली आणि कठीण लागली की बादल मान खाली घेऊन पावलं वाढवायचा, आणि घोडेवाला तोंडाने च्यक् च्यक् करत त्याला अडवायचा.

इथे मला मालकांचा राग येतो, घोडेवाल्याचा नाही. जन्मलेल्या प्रत्येक शिंगराची आई-बापासकट नोंद पुण्यात स्टडबुकात होते, पळालेल्या प्रत्येक शर्यतीचं वजन आणि वेळ छापून येतो, पण मालकाच्या "फुकट दिला" या दोन शब्दांनंतर माग काढायचा तर असा चौपाटीवर पाय बघत हिंडावं लागतं. बक्षिसाच्या प्रत्येक रकमेतून थोडा हिस्सा निवृत्त घोड्यांसाठी कापून ठेवावा, हे काही अवघड गणित नाही. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायला सांगितल्या, 2024 मध्ये रेसकोर्सची 120 एकर जागा बागेसाठी घ्यायचं ठरलं. दोन्ही वेळा चर्चा झाली ती जागेची, रोजगाराची आणि प्राण्यांच्या हालांची. घोड्याच्या पुढच्या वीस वर्षांचा खर्च कोण उचलणार, हे कुणी विचारल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

घोडेवाल्याला तो हिशेब तोंडपाठ होता. चणे, भुसा, महिन्या-दीड महिन्याला नालबंद, जागेचं भाडं. "और बारिश में?" मी विचारलं. पावसात चौपाटीवर गिऱ्हाईक नाही, म्हणजे कमाई नाही. मग तो बादलला वसईच्या बाजूला ओळखीच्या माणसाकडे गवतावर सोडतो आणि दिवाळीच्या सुमाराला परत आणतो. यंदा त्या माणसाने पैसे वाढवून मागितले होते. बोलत असतानाच एक गिऱ्हाईक आलं, त्याने मुलाला बगलेत धरून वर बसवलं आणि बादल चालू लागला.