कल्याणच्या बंदरातून नेवाशाच्या पांढरीपर्यंत



नेवाशाला प्रवरेच्या काठी लाडमोड नावाची पांढरीची टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी 1954 ते 1956 या काळात ती खणली. सातवाहनांच्या काळच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरात त्यांना परदेशी, दोन कानांच्या उंच रांजणांच्या खापऱ्या मिळाल्या. रोमन व्यापारी असल्या रांजणांतून द्राक्षाची दारू आणि तेल पाठवीत. समुद्रापासून इतक्या आत ही भांडी आली कशी?

वाट सांगतो. सोपारा आणि कल्याण ही तेव्हाची मोठी बंदरे. तिथून माल नाणेघाटाने सह्याद्री चढून जुन्नरला येई आणि पुढे सातवाहनांच्या राजधानीला, पैठणला जाई. नकाशावर जुन्नर ते पैठण रेघ ओढून पाहा, ती आपला अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, ओलांडूनच जाते. येताना दारू, काच, पोवळे. जाताना मुख्यतः सुती कापड. आपल्या काळीतल्या कापसाला तेव्हाही सातासमुद्रापार गिऱ्हाईक होते!

नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञात किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, ते त्यात आकड्यांनिशी कोरले आहे. आडतीच्या पट्टीवर आपण जे आकडे वाचतो, त्यांचे हे पूर्वज. हेच आकडे पुढे अरबांकडे गेले आणि अरबांकडून युरोपात पोचले. माल विकून संपतो, हिशेबाची रीत मात्र मागे राहते.

धर्मही याच वाटेने चालला. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. ती कोरायला पैसा कुणी दिला, हे लेखांतून कळते. त्यांत यवन आहेत, शक आहेत, आणि धान्य व्यापाऱ्यांची एक श्रेणीही आहे. या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके बौद्ध भिक्षूंना दिले. मला स्वतःला दुसराच एक लेख जास्त आवडतो. आडुथुम नावाच्या एका शकाने करंजाच्या झाडांसाठी 20 निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी 9 निवर्तने जमीन लावून दिली. परक्या मुलखातून आलेला माणूस इथल्या मातीत झाडांची सोय करून गेला. आपल्यातल्या किती जणांनी बांधावर करंज लावला आहे?

रोमचा व्यापार ओसरला, तरी माणसांची ये-जा थांबली नाही. ज्ञानेश्वर आपल्या भावंडांसह पैठणहून नेवाशाला आले आणि 1290 साली तिथे ज्ञानेश्वरी सांगितली. परतीच्या वाटेवर जुन्नर तालुक्यातल्या आळ्याला रेड्याची समाधी झाली, अशी परंपरा आहे. पैठण, नेवासे, आळे! जुन्या व्यापारी मुलखातूनच ही भावंडे चालत गेली.

आता थोडे कामाचे बोलतो. गावोगावच्या पांढरीच्या टेकड्या ट्रॉल्या भरभरून शेतात जात आहेत. त्या मातीने पीक तरारते, हे मी नाकारत नाही. जुन्या वस्तीची राख, शेण आणि हाडे त्यात मुरलेली असतात. पण तेच काम कुजलेले शेणखत आणि कंपोस्ट करते, आणि ते दरवर्षी नव्याने तयार होते. पांढरी एकदा उचलली की त्यातले थर मोडतात. मग मणी कोणत्या काळचा आणि खापरी कुठली, हे कुणालाच सांगता येत नाही.

नांगराला नाणी किंवा मूर्ती लागली तर ती घासूनपुसून देवघरात ठेवू नका. 1878 च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. तलाठ्याला किंवा तहसीलदाराला सांगून सुरुवात करा. गट नंबर आणि वस्तू किती खोल मिळाली, एवढे मात्र त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.