रांजणवाडी : कारणे व निवारण

कापसाची वेचणी व तुरीची मळणी ऐन भरात असता एखाद्या गड्याच्या वा वेचणाऱ्या बाईच्या पापणीच्या काठावर लाल पुळी उठावी व दोन-तीन दिवसांचा खाडा पडावा, हा प्रकार आमच्या अमरावती-अकोल्याकडील वाचकांस नवा नाही. रांजणवाडीचे दुखणे क्षुल्लक खरे. पण तिजवर होणारे घरगुती उपचार कधी कधी डोळ्यावर बेततात, म्हणून हा लेखनप्रपंच.

पापणीच्या केसांच्या मुळाशी व आतल्या अंगास तेलकट द्रव स्रवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्यांचे तोंड बुजून आत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू वाढले की पू धरतो. हे जंतू पुष्कळांच्या कातडीवर व नाकात वसतच असतात. त्यांस पापणीपर्यंत पोहोचविणारे वाहन म्हणजे आपला हात. धुळीने डोळा खाजतो, आणि शेणामातीच्या बोटांनीच आपण तो चोळतो. रांजणवाडी केवळ उष्णतेने होते ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. ज्यांस ती वरचेवर होते, त्यांनी पापणीच्या काठावर कोंडा धरतो काय हे पाहावे व रक्तातील साखरही तपासून घ्यावी.

कोणी खारकेची बी उगाळून लावतो, कोणी लवंग. सहाण कितपत स्वच्छ असते, हे आम्ही सांगावयास नको! चुन्याचे बोट लावणे मात्र सर्वथा घातक होय. चुना बुबुळास जाळतो व त्याने दृष्टी कायमची जाऊ शकते. तंबाखू मळून त्याच बोटांनी डोळा चोळणाऱ्यांनीही हे ध्यानी धरावे. चुना डोळ्यात गेलाच तर तत्काळ निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याची धार धरावी व मग दवाखाना गाठावा.

खरा उपाय शेकाचा. सुश्रुतसंहितेत 'अंजननामिका' या पापणीच्या पुळीस स्वेदन सांगितले आहे, आणि आजचे नेत्रवैद्यही तेच सांगतात. पाणी उकळून सोसवेल इतके निवू द्यावे, त्यात धुतलेली घडी भिजवून, पिळून, मिटल्या डोळ्यावर दहा मिनिटे धरावी. असे दिवसातून तीन-चार वेळा करावे. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील मंडळींनी यासाठी विहिरीचे खारे पाणी न घेता पिण्याचेच घ्यावे. पुळी बहुधा आपोआप फुटते व आठ-पंधरा दिवसांत जिरते. ती दाबू नये. आम्ही स्वतः एकदा उतावीळपणे दाबली आणि सारा डोळा मिटून बसलो. दुकानातून मनाने थेंब आणणेही बरे नव्हे. स्टेरॉइडयुक्त थेंब दीर्घकाळ घातल्यास काचबिंदू जडू शकतो.

घरात प्रत्येकाचा पंचा निराळा असावा, काजळाची डबी एकमेकींत फिरू नये. शेतमालकाकडेही थोडे काम येते. बांधावर एक घागर पाणी व साबणाची वडी ठेवावी, आणि भाकरीच्या सुट्टीत मजुरांस हात धुवावयास सवड द्यावी. एका माणसाचा खाडा वाचला तरी साबणाचा खर्च निघाला.

फवारणीनंतर लाल झालेला डोळा ही रांजणवाडी नव्हे. सन २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो लोक विषबाधेने आजारी पडले व कित्येक दगावले. अशा वेळी शेकीत बसू नये. डोळे धुऊन लागलीच रुग्णालयात जावे. तसेच सूज गालापर्यंत पसरली, ताप आला, अंधुक दिसू लागले वा डोळा हलविताना दुखू लागले, तर अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय अथवा अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय त्याच दिवशी गाठावे.