परळचे रुग्णालय आणि ट्रॉम्बेची अणुभट्टी: काही रूढ समजांची तपासणी

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय नावामुळे आजही अनेकांना टाटा समूहाच्या मालकीचे वाटते, आणि मुंबईतील अणुसंशोधन म्हणजे ट्रॉम्बेच्या कुंपणाआड चाललेले, रुग्णांशी संबंध नसलेले काम, असाही समज रूढ आहे. हे दोन्ही समज एकाच इतिहासाच्या विस्मरणातून निर्माण झाले आहेत. सर दोराबजी टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केलेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. त्याच्या शेजारी १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले कर्करोग संशोधन केंद्र १९६६ मध्ये त्याच्याशी जोडले गेले आणि दोन्ही मिळून टाटा मेमोरियल सेंटर बनले. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असावे, हे ऐकणाऱ्यास विचित्र वाटते. परंतु उपचारासाठी लागणारा किरणोत्सारी पदार्थ आणि त्याचे मापन करणारे भौतिकशास्त्रज्ञ हे दोन्ही त्याच विभागाकडे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यामागील तर्क उलगडतो.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे कार्यान्वित झालेल्या ‘अप्सरा’ या अणुभट्टीविषयी, ती वीजनिर्मितीसाठी उभारली होती, असे सरसकट सांगितले जाते. भारतात अणुविजेचे व्यापारी उत्पादन १९६९ मध्ये तारापूर येथे सुरू झाले. अप्सरा ही पाण्याच्या खोल टाकीत बुडविलेली, जास्तीत जास्त एक मेगावॅट औष्णिक क्षमतेची संशोधन अणुभट्टी होती आणि न्यूट्रॉन, म्हणजे अणुकेंद्रातील विद्युतभाररहित कण, मोठ्या संख्येने उपलब्ध करून देणे हे तिचे काम होते. ती संपूर्णतः स्वदेशी होती, हेही अर्धेच खरे आहे, कारण रचना आणि उभारणी भारतीय शास्त्रज्ञ व अभियंत्यांची असली तरी समृद्ध युरेनियमचे इंधन ब्रिटनमधून आले होते. इंधनाच्या बाबतीत खरा टप्पा पुढे, जानेवारी १९५९ मध्ये आला. त्या वेळी ट्रॉम्बेमध्ये अणुभट्टीस योग्य इतक्या शुद्धतेचे युरेनियम धातुरूपात मिळविण्यात आले. बोरॉनसारख्या मूलद्रव्याचा अत्यल्प अंशही न्यूट्रॉन शोषून साखळी अभिक्रियेत अडथळा आणतो, त्यामुळे नेहमीच्या धातुशास्त्राला ठाऊक नसलेली शुद्धता येथे साधावी लागली. या युरेनियमच्या इंधनकांड्या १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘सायरस’ अणुभट्टीत वापरल्या गेल्या. सायरसने रुग्णालयांना आणि उद्योगांना किरणोत्सारी समस्थानिके पुरविली, आणि १९७४ च्या पोखरण चाचणीचे प्लुटोनियमही तिच्यातूनच आले. म्हणून हे संशोधन केवळ बॉम्बसाठी होते हे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच ते निव्वळ शांततामय होते हे म्हणणेही भाबडेपणाचे आहे.

रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये सर्वाधिक पसरलेली भीती वेगळीच आहे. कोबाल्ट यंत्राखाली ‘लाइट’ घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात किरणे शिल्लक राहतात, त्यामुळे त्याच्याजवळ मुलांना नेऊ नये, असे मानले जाते आणि घरोघरी तसे पाळलेही जाते. साध्या कोबाल्टवर अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा केला असता कोबाल्ट-६० तयार होतो, तो सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा उरतो आणि त्यातून १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण बाहेर पडतात. हे किरण पेशींतील रेणू मोडतात, परंतु शरीरातील अणूंची केंद्रके बदलण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. दिव्याचा उजेड पडल्याने भिंत स्वतः दिवा होत नाही, तसाच हा प्रकार आहे. ‘लाइट’ या बोलीतील नावामुळे हा विजेचा उपचार असल्याचाही ग्रह होतो. प्रत्यक्षात कोबाल्टचा किरणोत्सर्ग वीज बंद केल्याने थांबत नाही, तो अखंड चालू असतो, आणि म्हणूनच उपचार संपताच स्रोत जाड कवचाआड जाईल अशी या यंत्राची रचना असते.

या भीतीला एक खरा अपवाद आहे, आणि तो परळमध्येच दिसतो. अणुऊर्जा आस्थापनेने १९६३ मध्ये येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले, जेथे किरणोत्सारी द्रव्य शरीरात देऊन निदान व उपचार केले जातात. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषून घेते आणि ते किरणोत्सारी आहे की साधे, हा भेद ती करीत नाही. त्यामुळे तोंडाने दिलेले आयोडीन-१३१ थेट त्या ग्रंथीत साठते, त्याचे बीटा कण एक-दोन मिलिमीटरच्या आतच पेशी नष्ट करतात आणि गॅमा किरण शरीराबाहेर ठेवलेल्या उपकरणाला त्याचा ठावठिकाणा सांगतात. असा रुग्ण काही काळ खरोखरच किरणोत्साराचा स्रोत असतो, आणि थायरॉइडच्या कर्करोगासाठी मोठी मात्रा दिलेल्यांना स्वतंत्र कक्षात ठेवण्याचे कारण तेच असते. मात्र ही अवस्था कायमची नसते. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते, म्हणजे ऐंशी दिवसांत त्याचा जेमतेम हजारावा भाग उरतो, आणि ग्रंथीने न घेतलेले आयोडीन पहिल्या काही दिवसांतच मुख्यतः लघवीवाटे निघून जाते.

म्हणून नातेवाइकांनी घरी विचारण्यासारखा पहिला प्रश्न उपचार बाहेरून झाला की द्रव्य शरीरात दिले गेले, हा आहे. बाहेरून कोबाल्टचे किरण घेतलेल्या रुग्णाला कोणाहीपासून दूर ठेवण्याची गरज नाही. आयोडीन घेतलेल्या रुग्णाने लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून किती दिवस अंतर राखायचे, हे दिलेल्या मात्रेवर अवलंबून असते, आणि रुग्णालय सांगेल तेवढेच दिवस ते पाळावे.