ताडपत्रीच्या कोपीतून चुलीचे धुराडे सुरक्षित कसे काढावे?

उसाच्या फडाजवळची कोपी असो, बागेतील राखणदाराची खोप असो किंवा मेंढपाळाचा पाल असो, छपराला पाचट, बांबू किंवा ताडपत्री असतेच. या तिन्ही वस्तू चटकन पेट घेतात आणि त्यांच्याखालीच चूल पेटते. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली व गॅस बऱ्याच घरांत पोहोचला, तरी हंगामी मुक्कामी सरपणाची चूल अजून सुटलेली नाही. धूर कोंडू नये म्हणून काही जण पत्र्याची नळी बसवतात. हेतू चांगला असतो, परंतु ताडपत्रीला नळीएवढेच भोक पाडून नळी वर काढली, तर धुराचा त्रास जाऊन आगीचा धोका येतो. म्हणून धुराडे बसवण्याची योग्य पद्धत समजून घेणे आवश्यक आहे.

धोका कोठे असतो?

चूल जोरात पेटली म्हणजे पत्र्याची एकेरी नळी चुलीजवळ ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापू शकते. प्लॅस्टिकची ताडपत्री १३० अंशांच्या सुमारासच वितळते. सुती कापड व पाचट लगेच पेटले नाही, तरी रोजच्या उष्णतेने आतून करपत जाते आणि करपलेला भाग पुढे कमी उष्णतेलाही पेटतो. म्हणूनच "महिनाभर काही झाले नाही" हा सुरक्षिततेचा पुरावा मानू नये. दुसरा धोका नळीतून उडणाऱ्या ठिणग्यांचा आणि तिसरा नळीत साठणाऱ्या काजळीचा.

चूल कोणती असावी?

तीन दगडांच्या उघड्या चुलीला धुराडे लावून उपयोग होत नाही. त्यासाठी सर्व बाजूंनी बंद अशी निर्धूर चूल हवी. चूल कापडाच्या किंवा पाचटाच्या भिंतीपासून किमान ९० से.मी. (३ फूट) दूर, मातीच्या जमिनीवर घालावी. दार आणि चूल एकाच बाजूला ठेवू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाट चुलीवरून जाता कामा नये.

साहित्य

१) १० से.मी. (४ इंच) व्यासाची लोखंडी पत्र्याची नळी.
२) २० से.मी. व्यासाची, १२० से.मी. लांबीची बाहेरची नळी.
३) ९० x ९० से.मी. मापाचा सपाट पत्रा.
४) दोन लोखंडी अँगल, नटबोल्ट, वायसर व ताणाची तार.
५) पावसाची टोपी आणि १ से.मी. छिद्रांची लोखंडी जाळी.

जस्त चढवलेली नळी असल्यास पहिला जाळ उघड्यावर करावा व धुरापासून दूर राहावे. ॲस्बेस्टॉसची नळी वापरू नये. ती कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते.

बसवण्याची पद्धत

एकेरी नळीपासून पेट घेणारी प्रत्येक वस्तू ४५ से.मी. (दीड फूट) दूर असावी, हा मूळ नियम होय. नळीवर मोठी नळी घातली, तर मधल्या ५ से.मी. पोकळीतून हवा वाहते आणि बाहेरची नळी बरीच थंड राहते. मग छपराशी हे अंतर २३ से.मी. ठेवले तरी चालते.

१) छपराला ७० x ७० से.मी. चौकट कापावी. कापलेल्या कडा बाहेरच्या बाजूस दुमडून शिवाव्यात. पाचट असल्यास तेवढे मागे सारून कामट्यांनी पक्के बांधावे.

२) चौकटीखालून दोन अँगल मेढींना आडवे बांधावेत व त्यांवर पत्रा टेकवावा. नळीचा भार अँगल व चुलीवर यावा, ताडपत्रीवर नव्हे. पत्र्याची वरची कड ताडपत्रीखाली आणि खालची कड ताडपत्रीवर ठेवावी, म्हणजे कौलाप्रमाणे पाणी ओघळून जाते.

३) पत्र्याच्या मधोमध मोठी नळी बसवावी. ती छपराखाली व छपरावर प्रत्येकी ६० से.मी. असावी. तिची दोन्ही तोंडे हवेसाठी उघडी ठेवावीत.

४) आतील नळी मोठ्या नळीला न टेकता मध्यभागी राहील, अशा तीन पट्ट्या लावाव्यात. जोड देताना वरच्या नळीचे टोक खालच्या नळीत घालावे, म्हणजे काजळीचे पाणी बाहेर गळत नाही. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू मारावेत. नळी शक्यतो सरळ उभी न्यावी.

५) मोठ्या नळीच्या तोंडावर आतील नळीला पत्र्याची छत्री बसवावी. मध्ये ३ से.मी. फट ठेवावी, म्हणजे हवा जाते आणि पाऊस आत येत नाही.

६) धुराड्याचे टोक छपरापासून ९० से.मी. उंच आणि ३ मीटरच्या आतील आढे, झाड वगैरे कोणत्याही वस्तूपेक्षा ६० से.मी. उंच असावे. टोकाला टोपी व जाळी लावून तीन बाजूंनी तारेने ताण द्यावा.

तपासणी

पहिल्या दिवशी तासभर मोठा जाळ करावा. नंतर चौकटीच्या कडेच्या ताडपत्रीवर हाताची मागची बाजू ठेवून पाहावी. हात सहज टेकवता आला पाहिजे. चटका बसल्यास चूल विझवून चौकट व पत्रा मोठा करावा.

निगा

ओले सरपण काजळी वाढवते, म्हणून वाळलेलेच वापरावे. दर पंधरा दिवसांनी नळी उतरवून झाडावी व जाळी साफ करावी. जाळी तुंबली तर धूर उलटा कोपीत येतो. नळीत काजळी पेटून घोंघावल्यासारखा आवाज आला, तर मुलांना आधी बाहेर काढावे. सरपण ओढून चुलीचे तोंड मातीने बंद करावे. लाल तापलेल्या नळीत पाणी ओतू नये. पाण्याची भरलेली घागर व वाळूची बादली दाराशी कायम असावी.

रात्रीची दक्षता

थंडीत निखारे ठेवून कोपी चहूबाजूंनी बंद करू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. झोपेतल्या माणसाला जाग न येता मृत्यू येऊ शकतो. निजण्यापूर्वी निखारे बाहेर नेऊन विझवावेत आणि धुराडे असले तरी खाली-वर हवेची वाट उघडी ठेवावी.

हे सारे काम पत्र्याचे काम करणारा गावातील कारागीर सहज करून देऊ शकतो. कोपी हलवताना नळ्या व पत्रा काढून बरोबर नेता येतो व पुढील हंगामातही वापरता येतो. दिवसभर फडात राबणाऱ्या आईबापांची मुले पाळण्यात त्याच छपराखाली झोपलेली असतात, हे ध्यानात घेऊन हंगामाच्या सुरुवातीलाच धुराड्याची व्यवस्था करावी.